मावशीचं बोट आणि आवृत्ती चार

अग्निशमन दलाच्या बँडचे सगळे कोट बोटभर मोठे झाले, आणि ते माझ्यामुळे झाले. हे एकदा लिहून टाकलं की मी सुटलो. आता असं धरून चाला की हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. आमच्या घरातही तसंच ठरलं आहे. कोणी विचारलंच, तर कोट मोठे झाले नव्हते, वाजवून वाजवून बँडवाले बारीक झाले होते.

तर, जे झालंच नाही ते असं झालं.

मावशीचं शिवणकामाचं दुकान तिच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आत दोन शिलाई मशीन, बेतायचं एक लांबलचक टेबल, एक बिनडोक्याचा पुतळा, ज्याला आम्ही सगळे 'साहेब' म्हणतो, आणि कोपऱ्यात काकांचा कॉम्प्युटर. काका म्हणजे मावशीचे यजमान. कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यातून वेळ काढून त्यांनी मावशीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. छाती, खांदा, बाही अशी मापं टाकायची, की बाजूच्या रुंद प्रिंटरमधून कोटाच्या एकेका तुकड्याचं पेपर कटिंग बाहेर. ते कापडावर ठेवायचं, खडूने रेघ मारायची, कात्री चालवायची. काका जाऊन काही वर्षं झाली. प्रोग्रॅम मात्र चालू होता, आणि बोलतही होता.

बोलत होता म्हणजे अक्षरशः काकांसारखा. उघडला की स्क्रीनवर यायचं, 'बोला, कोणाचं माप?' एखादा आकडा चुकला की, 'माणूस आहे की पिंप?' आणि शेवटचा कागद बाहेर पडला की, 'झालं. चहा टाक.'

मावशी स्क्रीनकडे न बघताच म्हणायची, "टाकते." आणि खरंच टाकायची. अशी माणसं मला आवडतात. आमच्या ऑफिसात कोणी कॉम्प्युटरशी बोललं तर त्याला थेट रजेवर पाठवतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ती म्हणजे मावशीचं बोट. कागद कापडावर ठेवला की मावशी कडेला आपलं डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं लावायची आणि रेघ बोटाच्या पलीकडून मारायची. सगळ्या कडांनी, प्रत्येक तुकड्याला. हे बोट गावात प्रसिद्ध होतं. समोरच्या रस्त्यावरचा शिंपीही पेपर कटिंग कॉम्प्युटरवरूनच छापायचा, मावशीसारखंच कापड वापरायचा, पण त्याचे कोट काखेत काचायचे. "त्याच्याकडे बोट कुठंय?" असं गिऱ्हाइकं म्हणत. तसा त्याला हाताला पाचही बोटं होती, पण गिऱ्हाइकांना ती मोजण्यात रस नव्हता.

आता मी. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेलं वर्षभर माझ्याकडे एका बटणाचे कोपरे गोल करण्याची जबाबदारी आहे, आणि दोन कोपरे जवळजवळ झाले आहेत. पण नातेवाइकांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमधला' आहे. त्यामुळे एका रविवारी कोट रफू करायला म्हणून दुकानात गेलो, तेव्हा माझी नजर कॉम्प्युटरकडे जाणं हे कर्तव्यच होतं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यावर एक चौकोनी चिंधी चिकटवली होती.

"हे काय गं मावशी?"

"तिथे रोज एक खिडकी येते. अपग्रेड करा, अपग्रेड करा. मी झाकून टाकली."

"अगं, असं झाकून कसं चालेल? सुरक्षेचा प्रश्न असतो."

"कोण चोरणार आहे? साहेबांची छाती?"

"तुझं सगळं आहे तसं राहील. एक बटण तर दाबायचंय," असं म्हणून मी चिंधी काढली आणि बटण दाबलं. त्या बटणाचे कोपरे सुंदर गोल होते, हे व्यवसायबंधू म्हणून नोंदवून ठेवतो.

मी दिलेला शब्द तंतोतंत खरा ठरला. सगळं होतं तसंच राहिलं. फक्त चालेना. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली, स्क्रीनवर बर्फाच्या डोंगराचं चित्र आलं, आणि काकांच्या प्रोग्रॅमवर क्लिक केल्यावर 'बोला' येण्याऐवजी एक करडी चौकट आली. छपाईची लायब्ररी, आवृत्ती तीन, सापडत नाही.

मावशीने चौकट वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अशा वेळी सुशिक्षित माणसाने काय करायचं? उदाहरण द्यायचं.

"असं बघ मावशी. आपल्या जिन्याखाली सोसायटीची शिडी आहे ना? प्रत्येकाने घरात शिडी ठेवली तर जागा जाईल, म्हणून सगळ्यांत मिळून एक. कॉम्प्युटरमध्येही तसंच. प्रत्येक प्रोग्रॅमने छपाईचं सामान स्वतःजवळ ठेवायचं नाही, सगळ्यांत एक ठेवायचं, त्याला लायब्ररी म्हणतात. काकांचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तीच जुनी शिडी मागतोय. अपग्रेडने ती काढली आणि नवी आणली."

"आपली शिडी कोणी काढली?" दारातून आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. हे विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. जगात कुठेही 'सोसायटी' हा शब्द उच्चारला गेला की ते दारात उभे असतात.

"कोणी नाही काढली, मी उदाहरण देत होतो."

"उदाहरणासाठी वापरायची असली तरी अर्ज लागतो."

त्यांच्या मागून डेंटिस्टबाई आल्या. त्यांचा दवाखाना मावशीच्या दुकानाला लागून आहे आणि दोन पेशंटच्या मधला वेळ त्या आमच्याकडे घालवतात. पेशंटच्या तोंडात कापूस असल्यामुळे दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. "बंद करून चालू केलंस का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला माझ्या पेशात रोज विचारला जातो आणि दर वेळी मी तो अपमान म्हणून गिळतो. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. मावशीने तिला कळवलं होतं. आई म्हणाली, "तू कशाला हात लावलास? आपल्याकडे शिकलेला कोणी नव्हता का?"

मावशी या सगळ्यात शांत होती. बँडच्या कोटांची ऑर्डर समोर पडली होती, दलाच्या वर्धापनदिनाला ते कोट घालायचे होते. ती एवढंच म्हणाली, "कोट काय, मी नुसत्या टेपनेही बेतीन. पण ते पुन्हा बोलायला हवेत."

ते म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. सेक्रेटरींनीसुद्धा नाही. खोलीत एकदम सगळ्यांना आपापली कामं आठवली, आणि मला घाम आठवला.

मार्ग पहिला होता तो म्हणजे प्रोग्रॅम मुळापासून पुन्हा बांधणं. चालतो तो प्रोग्रॅम म्हणजे शिवलेला कोट. त्याचं मूळ लिखाण हातात असेल तर नव्या लायब्ररीला जुळवून पुन्हा शिवता येतो. "काकांनी मूळ लिखाण कुठे ठेवलंय?" मी विचारलं.

"फ्लॉपीवर. ही काय." मावशीने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली फ्लॉपी काढून दिली. फ्लॉपीच्या बरोबर मधोमध भोक होतं आणि कडांना खडूचे थर.

"हिला भोक कोणी पाडलं?"

"अडकवणार कशी मग? छातीवरच्या खिशाचा साचा आहे तो. अगदी मापात बसतो."

मला एकदम साक्षात्कार झाला. मावशीच्या प्रत्येक कोटाच्या खिशाचा एक कोपरा तिरका छाटलेला असतो आणि लोक त्याला तिची खास शैली म्हणतात. तो फ्लॉपीचा कोपरा होता. अख्खं गाव छातीवर काकांचं मूळ लिखाण घेऊन हिंडत होतं, फक्त ते वाचता येत नव्हतं.

मार्ग दुसरा, कुठून तरी आवृत्ती तीन मिळवणं. ही लायब्ररी जगभरातले काही स्वयंसेवक सांभाळतात. मी त्यांच्या चौकशीच्या पानावर रीतसर विचारलं. मांजराचा फोटो लावलेल्या एका सद्गृहस्थांनी उत्तर दिलं.

'आवृत्ती तीन का हवी?'

'एक जुना प्रोग्रॅम चालवायचा आहे.'

'जुना प्रोग्रॅम का चालवता?'

'मावशीचा आहे.'

'मावशींना नवा घ्यायला सांगा. आवृत्ती तीन सुरक्षेच्या कारणास्तव सर्वत्र काढून टाकली आहे. तक्रार बंद.'

हे मी चुकून मोठ्याने वाचलं. मावशी म्हणाली, "त्याला विचार, त्याची मावशी काय वापरते." मी विचारलं. तक्रार बंद असल्यामुळे प्रश्न आत गेला नाही.

तिसऱ्या मार्गाबद्दल मी फारसं बोलू इच्छित नाही. एका परोपकारी माणसाने आवृत्ती दोन चढवून ठेवली होती. तीन नाही तर दोन, असा व्यावहारिक विचार करून मी ती घेतली आणि जिथे सगळ्यांची लायब्ररी असते तिथे नेऊन ठेवली. सगळ्यांची, हा शब्द महत्त्वाचा होता हे नंतर कळलं. काकांचा प्रोग्रॅम काही चालला नाही, पण जे बाकीचे नवे प्रोग्रॅम तोपर्यंत गुण्यागोविंदाने चालत होते ते सगळे बसले. घड्याळ थांबलं. प्रिंटर 'माझी कोणाशी ओळख नाही' अशा चेहऱ्याने बघू लागला. डोंगर गेला. मी ज्या खिडकीतून ही लायब्ररी काढू शकलो असतो ती खिडकीही याच लायब्ररीवर उघडत असे. शिडी काढायला शिडी लागत होती.

"मी सांगतो," सेक्रेटरी म्हणाले, "याला तज्ज्ञ बोलवा."

"हा तज्ज्ञच आहे," मावशी म्हणाली. एवढा अपमान इतक्या कमी शब्दांत मी तरी कधी ऐकला नव्हता.

सगळी सिस्टिम पुन्हा बसवण्यात बरेच दिवस गेले. मी रोज ऑफिसातून परस्पर दुकानात यायचो. कोटाचं कापड टेबलावर घडी घालून पडलेलं असायचं आणि मावशी त्याच्याकडे न बघता मला चहा द्यायची. 'चहा टाक' असं कोणी म्हटलेलं नसताना टाकलेला तो चहा असल्यामुळे तो मला जरा जडच जायचा.

शेवटी मार्ग चौथा. तो इतका सोपा आहे की कोणत्याही जाणत्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, चुकूनही करू नका. नव्या सिस्टिममध्ये त्याच लायब्ररीची आवृत्ती चार होती. मी तिच्या दारावर 'आवृत्ती तीन' अशी पाटी लावली. बस्स. जुन्या भाडेकरूच्या नावाने नवा भाडेकरू. प्रोग्रॅमने दार वाजवलं, नाव वाचलं, समाधानाने आत गेला.

'बोला, कोणाचं माप?'

मावशी टेप गळ्यात घालता घालता थांबली. मग तिने बँडमास्तरांची मापं टाकली. प्रिंटर घरघरला, कागद एकामागून एक बाहेर आले.

'झालं. चहा टाक.'

"टाकते," मावशी म्हणाली, आणि आत गेली. चहा यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. डेंटिस्टबाईंनी माझी पाठ थोपटली, सेक्रेटरींनी हात मिळवला आणि शिडीचा अर्ज मागे घेतल्याचं मी लिहून द्यावं असं सुचवलं. मी ऑफिसात जाऊन तिसरा कोपरा गोल करायला घेतला, एवढा आत्मविश्वास आला होता.

एरवी मावशी आधी एक कोट कच्चा टाचून ट्रायल घेते. पण ट्रायलचे दिवस मी खाल्ले होते. तिने सगळेच कोट सरळ बेतले, शिवले, इस्त्री केले. प्रत्येक कागदाच्या प्रत्येक कडेला बोट लावून.

मग बँड आला.

बँडमास्तर म्हणजे भारदस्त माणूस. त्यांनी कोट चढवला, आरशासमोर उभे राहिले आणि सूर द्यायला हात वर केला. बाहीतून हात बाहेरच आला नाही. छडी तेवढी आली. आरशात असं दिसत होतं की छडी आपल्या मनाने हलते आहे आणि मास्तर तिच्यावर लक्ष ठेवायला आले आहेत. क्लॅरिनेटवाल्याची बोटं बाहीत गेल्यामुळे त्याच्या वाद्यातून सलग एकच सूर निघत राहिला. ढोलवाला वळला तेव्हा तो वळला, कोट जरा मागाहून वळला.

"मावशी," बँडमास्तर फार सभ्यपणे म्हणाले, "हे वर्षानुवर्षं टिकतील, दिसतंय. पण आम्ही एवढे वाढू असं वाटत नाही."

मावशीने बाही उलटी केली, शिलाई बघितली, सरळ केली. मग आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. मला ते बघवेना. मी कपाटातून गेल्या वर्षीच्या कोटाचे जुने कागद काढले, मापं सारखीच असलेला एक शोधला आणि नव्या कागदावर ठेवला. नवा सगळीकडून मोठा. किती मोठा? मी माझं बोट लावून बघितलं. मावशीचं माझ्याहून जरा बारीक आहे. तेवढाच.

म्हणजे जुनी लायब्ररी प्रत्येक कागद हलकेच लहान छापत होती, कायमच. आवृत्ती चारमध्ये कोणीतरी ती चूक सुधारली होती. आता कागद अचूक येत होता आणि अचूक कागदावर मावशी बोट लावत होती.

मला सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असंही समजलं. कारण ज्या बोटाला गाव मानत होतं ते बोट कसब नव्हतंच. ते एका लायब्ररीतल्या चुकीची भरपाई होतं. समोरच्या शिंप्याच्या छपाईत तीच चूक असणार, फक्त त्याने बोट लावलं नाही एवढंच. हे मावशीला कोण सांगणार?

दवाखान्यासमोरच्या बाकावर मी सल्ला घेतला.

"सांगू नकोस," सेक्रेटरी म्हणाले. "माझ्या नोकरीत मी कोणाला काही सांगितलं नाही, सुखात निवृत्त झालो."

"सांग," डेंटिस्टबाई म्हणाल्या, "पण आधी भूल दे."

भूल म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं. दुकानात शिरलो आणि सांगितलं, "मावशी, कागद फुगला. हवा दमट आहे ना. सगळा दोष माझा, मी कागद उघड्यावर ठेवला."

"बरं," मावशी म्हणाली. "मोठा झालाय तर आत घेता येतो. चला, बसा सगळे."

आणि सगळे बसले. डेंटिस्टबाईंचे टाके असे बारीक, की बँडमास्तर त्यांना दवाखाना का काढलात असं विचारू लागले. सेक्रेटरी दोरा ओवून देत होते आणि प्रत्येक सुईची पोच मागत होते. मीही सुई उचलली, तर मावशी म्हणाली, "त्याला उसवायला द्या. ते येतं त्याला."

मी उसवत बसलो. बऱ्याच वेळाने मावशी माझ्या शेजारचा कोट घेताना हळूच म्हणाली, "कागद फुगला म्हणे."

"हो ना."

"आता बरोबर येतो म्हण की सरळ. आधी आकसलेला यायचा."

माझ्या हातातलं ब्लेड थांबलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच कोटाला कळलं. यांनाच घातला होता तो. बटण लागेना. हे पोट आत ओढून उभे, आणि म्हणतात, 'बघ, कसा अगदी मापात आला.' महिनोन्‌महिने खपले होते रे त्यासाठी. मी काय सांगणार? म्हटलं, माझं एक बोट सोडत जाईन. ते म्हणाले, 'प्रोग्रॅमला कशाला लागतं बोट?' मी म्हटलं, 'माझ्या हाताची सवय आहे, तुम्हाला नाही कळायचं.' शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होते, 'प्रोग्रॅम माझा एकदम अचूक, आणि वर हिचं बोट.'"

"पण मग चूक त्यांची नव्हतीच मावशी," मी घाईघाईने म्हणालो. "लायब्ररीची होती. काकांचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "काय सांगतोस?" ती म्हणाली. "बरोबर होता?" मग कोट मांडीवर घेत, "तरी मेले ऐकायला नाहीत आता."

कोट वेळेवर गेले. वर्धापनदिनाला बँड वाजला, छडी बँडमास्तरांच्या हातात होती हे सगळ्यांना दिसलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण परवा मी दुकानात गेलो तेव्हा मावशी एक नवा कोट बेतत होती. कागद आला, 'झालं' आलं, तिने कागद कापडावर ठेवला, बोट कडेला नेलं, आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा घेतलं. मग हात तसाच टेबलावर ठेवून उभी राहिली.

"काही करायचं नाही आता मावशी. नुसती रेघ मारायची. अचूक येतं."

"तेच तर."

"दात काढला की जीभ काही दिवस तिथेच जाते," डेंटिस्टबाई दारातून म्हणाल्या. "होईल सवय."

मी म्हटलं, "मावशी, मी प्रिंटरला सांगून ठेवतो, कागद मुद्दाम जरा लहान काढायचा. मग लाव तुझं बोट."

मावशीने कात्री खाली ठेवली. "तू मुद्दाम केलेली चूक मी कशाला निस्तरू? तू कोण माझा?"

मी घरी आलो आणि खालील अर्ज लिहून योग्य त्या पानावर चढवला. तो मांजरवाल्या गृहस्थांकडेच जातो, याची मला कल्पना आहे.

प्रति,
माननीय देखभालकर्ते, छपाई लायब्ररी.

विषय : आवृत्ती चारमध्ये दुरुस्त केलेली चूक पूर्ववत करून मिळणेबाबत.

महोदय,

आपण आवृत्ती तीनमधील छपाई आकसण्याची चूक कोणतीही पूर्वसूचना न देता व संबंधितांची हरकत न मागवता दुरुस्त केली आहे. सदर चूक अर्जदाराच्या मावशीच्या संसारात अनेक वर्षे विनातक्रार वापरात होती. तिच्या दुरुस्तीमुळे मावशीच्या डाव्या हाताकडे सध्या कोणतेही काम उरलेले नाही. पर्यायी चूक पुरवण्याची अर्जदाराची तयारी असूनही ती नात्याअभावी नाकारण्यात आली आहे.

तरी सदर मूळ चूक, होती तशी व होती तेवढी, आपल्या पुढील आवृत्तीत सन्मानाने परत बसवण्यात यावी, व त्यानंतर कोणीही कितीही चांगल्या हेतूने ती सुधारू नये असा कायमस्वरूपी आदेश काढण्यात यावा, ही नम्र विनंती.

चूक किती असावी याबाबत शंका राहू नये म्हणून बोटाचे माप सोबत जोडले आहे.